सावलीतील उघडी जमीन आणि रुपेरी केना

आपल्या घराच्या आवारात अशी एखादी तरी जागा असतेच की, जिच्याकडे आपण वर्षानुवर्षे पाहतो, परंतु जिचे काहीच करीत नाही. परसातील जुन्या करंजाखालची जमीन, विहिरीमागची अरुंद पट्टी, घराच्या उत्तरेकडील भिंतीलगतचा ओलसर तुकडा, ही ती जागा होय. तेथे ऊन पोहोचत नाही, म्हणून गवत धरत नाही. भाजी लावावी तर ती लांबट होऊन लोळते. फुलझाड लावावे तर त्याला फूल येत नाही. अखेर आपण तो नाद सोडून देतो. पावसाळ्यात तेथील माती वाहून झाडांची मुळे उघडी पडतात व उन्हाळ्यात तेथूनच धूळ उडून घरात येते.

झाडाखालच्या जमिनीला पावसाचा मार लागत नाही, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती बरोबर नाही. उंच झाडाच्या पानांवर पाणी साचून जो थेंब खाली पडतो तो मूळच्या पावसाच्या थेंबाहून बहुधा मोठा असतो आणि तो उंचीवरून पडत असल्यामुळे उघड्या मातीवर त्याचा घाव जोराचा बसतो. रानात हा घाव पालापाचोळा झेलतो. आपण मात्र आवार स्वच्छ दिसावे म्हणून रोज पाला झाडून काढतो व त्यास काडी लावतो. म्हणजे जमिनीचे पांघरूण आपण स्वतःच काढून घेतो आणि मग माती वाहून जाते म्हणून हळहळतो.

ज्यांस पाला राहू देणे चालत असेल त्यांनी तो तसाच राहू द्यावा. त्यासारखे फुकटचे व निर्धोक आच्छादन दुसरे नाही, हे आम्ही आरंभीच सांगून ठेवतो. परंतु घराच्या दर्शनी बाजूस पाला ठेवणे सर्वांस रुचत नाही. अशा ठिकाणी जमिनीस चिकटून पसरणारी, बारमाही टिकणारी आणि सावलीत उजेड पाडणारी एखादी वनस्पती हवी असते. अशा एका वनस्पतीविषयी, तिच्या गुणांविषयी आणि तितक्याच स्पष्टपणे तिच्या दोषांविषयी, आम्ही या लेखात लिहिणार आहोत.

वनस्पतीची ओळख

बागकामाची परदेशी पुस्तके चाळणाऱ्या वाचकांस त्यांत सावलीसाठी रुपेरी पानांच्या लॅमियम व ब्रुनेरा या वनस्पतींची नावे आढळतील. त्या युरोपच्या व पश्चिम आशियाच्या थंड हवेतील आहेत. आपल्याकडील वैशाखाचा उष्मा व आषाढाची झोड या दोहोंपुढे त्यांचा टिकाव लागणे कठीण. तेव्हा त्यांच्या मागे लागून पैसे दवडू नयेत. आपल्या हवेस जुळणारी रुपेरी वनस्पती म्हणजे रोपवाटिकांतून झेब्रिना या नावाने मिळणारी वेल होय. शास्त्रात तिचे आजचे नाव ट्रॅडेस्कॅन्शिया झेब्रिना. जुन्या ग्रंथांत झेब्रिना पेंडुला असे नाव सापडते. सतराव्या शतकातील ट्रॅडेस्कंट नामक इंग्रज माळी पितापुत्रांच्या नावावरून लिनीअसने हे नाव योजिले.

तिचे मूळ स्थान मेक्सिकोपासून दक्षिणेस कोलंबियापर्यंतचा प्रदेश. पान दोन ते चार इंच लांब व टोकाशी निमुळते. त्याच्या हिरव्या-जांभळ्या पृष्ठावर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंस चांदीसारखे दोन चकचकीत पट्टे असतात आणि पान उलटून पाहिले तर खालची बाजू गर्द जांभळी दिसते. देठ मांसल व पेरेदार. तो जमिनीवर आडवा पसरतो व जेथे पेर मातीस टेकते तेथे मुळे फुटतात. उंची क्वचितच एका वितीपलीकडे जाते. फूल लहान, तीन पाकळ्यांचे, गुलाबी-जांभळे असते. पण शोभा फुलांची नव्हे, पानांची.

हे वर्णन वाचताच अनुभवी शेतकऱ्यास केना आठवल्यावाचून राहणार नाही. ही आठवण अगदी योग्य आहे. आपल्या खरिपाच्या पिकांत माजणारा केना आणि ही वेल एकाच कुळातील आहेत. सड्यांवर व पठारांवर पावसाळ्यात फुलणाऱ्या आभाळी व नभाळी यादेखील त्याच कुळातल्या. म्हणून या लेखापुरते सोयीसाठी आम्ही तिला 'रुपेरी केना' असे म्हणू. हे नाव आमचे आहे. रोपवाटिकेत झेब्रिना म्हणूनच मागावी.

केन्याचा स्वभाव आपणांस नव्याने सांगावयास नको. खुरपून बांधावर टाकला आणि त्या दिवशी पाऊस आला, तर तो बांधावरच रुजतो. तुकडा राहिला तरी त्याचे झाड होते. शिवाय केना जमिनीखालीही फुले धरून बी करतो, ही त्याची आणखी एक खोड. रुपेरी केन्याला ही जमिनीखालची खोड नाही आणि आमच्या आवारात त्याला बी धरलेले आम्हांस कधी दिसले नाही. परंतु तुकड्यापासून वाढण्याच्या कामी तो आपल्या भाऊबंदाच्या तसूभरही मागे नाही. त्याचा हाच गुण सावलीची जमीन झाकतो आणि हाच गुण पुढे डोकेदुखी होतो. ही गोष्ट ध्यानात धरून पुढील मजकूर वाचावा.

आधी जागा पारखावी

प्रथम हे पाहावे की, त्या जागेतून काही उत्पन्न निघण्याजोगे आहे काय. माती हातभर खोल आणि सावली विरळ असेल, तर तेथे हळद, आले किंवा सुरण लावावा. झाडाच्या खोडावर मिरीची वेल चढवावी. शोभेसाठी उत्पन्नाची जागा अडविणे शेतकऱ्यास शोभत नाही. जेथे मुळांचे जाळे वर आलेले आहे, माती चार बोटेच आहे व कुदळ चालविणे झाडास अपायकारक आहे, अशीच जागा रुपेरी केन्यास द्यावी.

दुसरे असे की, फळ देणाऱ्या कलमांखाली तो मुळीच लावू नये. आंब्याखाली गळालेली फळे त्याच्या दाट पानांत दडून राहतात, तेथेच सडतात व फळमाशीची वीण वाढवितात. फळमाशीच्या बंदोबस्तातील पहिले काम म्हणजे पडलेले फळ रोजच्या रोज वेचून नष्ट करणे, आणि त्याच कामात ही वेल आड येते. शिवाय खते घालण्याचे वर्तुळ उघडे असावे लागते. हापूसच्या झाडांस जे पॅक्लोब्युट्राझोल देतात त्यांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे, कारण ते औषध वाढ आवरणारे आहे व त्या वर्तुळात दुसरी कोणतीही लागवड नसलेली बरी. करंज, कडुनिंब, सोनचाफा यांसारख्या झाडांखालची जागा किंवा उत्तरेकडील भिंतीलगतची पट्टी या वेलीस उत्तम.

तिसरी गोष्ट उजेडाची. सावली म्हणजे काळोख नव्हे. भर दुपारी त्या जागी उभे राहून पोथीचे अक्षर सहज वाचता आले, तर उजेड पुरेसा आहे असे समजावे. त्याहून काळोख असेल तर पेरे लांब होतात, पाने विरळ पडतात आणि चांदीचे पट्टे फिके होऊन वेल साधी हिरवट दिसू लागते. उलट दुपारचे कडक ऊन लागले तर पाने करपतात. सकाळचे कोवळे ऊन मात्र मानवते व त्याने रंग खुलतो.

चौथी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट: जवळून ओढा, ओहोळ, पाट किंवा रानाची कड जात असेल, तर ही वेल लावू नये. का, ते पुढे येईल.

लागवड

जमीन खणावयाची नाही. वरची माती खुरप्याने दोन-तीन बोटे हलकी करावी व तीवर चाळलेले कुजके शेणखत आणि पानांचे खत समभाग मिसळून दोन बोटे जाडीचा थर द्यावा. खोडाभोवती दीड हात जागा मोकळी ठेवावी. खोडास सतत ओल लागणे बरे नव्हे. पाणी तुंबत असेल तर आधी त्यास वाट करून द्यावी, कारण तुंबलेल्या पाण्यात ही वेल देठापासून कुजते.

लावण फाट्यांची करावी. निरोगी शेंड्याचे चार-पाच इंचांचे, तीन किंवा चार पेरांचे तुकडे घ्यावे. खालच्या दोन पेरांची पाने काढून ती पेरे मातीत आडवी दाबावी. एका ठिकाणी दोन फाटे व दोन ठिकाणांत एक फूट अंतर, या हिशेबाने १० फूट लांब व १० फूट रुंद जागेस सुमारे २०० फाटे लागतात. इतके विकत घेण्याचे कारण नाही. एक-दोन कुंड्या आणून त्यांचे फाटे सावलीतील लहानशा वाफ्यात वाढवावे, म्हणजे एका हंगामात घरचेच पुरेसे होतात. एक-दोन आठवड्यांत मुळे धरतात.

हंगामाविषयी सांगावयाचे तर, घाटावर आर्द्रा नक्षत्रात लावण करावी. कोकणात मात्र घाई करू नये. पुनर्वसू-पुष्याच्या सरींत कोवळे फाटे वाहून जातात किंवा कुजतात. मघा-पूर्वा लागून पावसाचा जोर ओसरला म्हणजे लावावे. त्यानंतर हस्तापर्यंत मिळणारी ओल त्यांस पुरते.

निगा

पहिला महिनाभर तण काढावे लागते, पुढे वेल स्वतःच तणास जागा ठेवीत नाही. शेंडे वरचेवर खुडावे. त्यामुळे फांद्या फुटून पांघरूण दाट होते. हिवाळ्यात आठवड्यातून एकदा व उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी पाणी द्यावे. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात याहून अधिक लागेल. जेथे प्यावयाच्या पाण्याची वाण पडते तेथे शोभेच्या वेलीस पाणी घालणे आम्ही उचित मानीत नाही. तेथे पालापाचोळाच बरा. दोन-तीन वर्षांनी मधला भाग उघडा पडून देठ दिसू लागतात. तेव्हा जुनी वेल उपटून, नवे खत घालून, तिच्याच शेंड्यांची पुन्हा लावण करावी.

छाटणी करणाऱ्याने हातमोजे घालावे. या कुळातील वनस्पतींच्या रसाने काहींच्या कातडीस खाज सुटते व आग होते. कुत्र्यांस पोटाच्या बाजूने खाज सुटल्याचेही अनेक ठिकाणी आढळले आहे. केन्याच्या पानांची भाजी व भजी आपल्याकडे आवडीने खातात, म्हणून कोणी या वेलीचीही भाजी करू जाईल, तर तसे करू नये. मेक्सिकोच्या तबास्को प्रांतात हिच्या पानांचे एक थंड पेय करण्याची जुनी रीत आहे, हे खरे; पण ती रीत व तिचे प्रमाण तेथील लोकांच्या हातचे आहे. गुरांसही ही वेल चारा म्हणून घालू नये.

दाट पांघरुणाखालचे सोबती

जेथे ओल, सावली व दाट पाने ही तिन्ही एकत्र आली, तेथे शंखी गोगलगाय आलीच. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या जिल्ह्यांत गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त करून शेतकऱ्यांस दुबार पेरणीची वेळ आणली, हे आपण विसरलो नाही. दिवसा लपण्यास जागा मिळावी इतकेच त्यांस पुरते, आणि रुपेरी केना ती जागा उत्तम देतो. ज्यांच्या आवारास लागून शेत आहे त्यांनी पहिल्या पावसानंतर रोज संध्याकाळी वेलीवर नजर टाकावी. गुळाच्या पाण्यात भिजविलेले गोणपाट कडेस पसरून ठेवावे; सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचाव्या व साबणाच्या अथवा मिठाच्या पाण्यात बुडवून नष्ट कराव्या. जेथे यांचा उपद्रव आधीच आहे तेथे ही वेल लावूच नये.

कोकणातील वाचकांस आणखी एक सूचना. पानांच्या थराखाली फुरसे किंवा विंचू बसला तर दिसत नाही. म्हणून पायवाटेपासून व उंबऱ्यापासून दोन हात अंतर सोडूनच लावण करावी, वेल वितीहून उंच होऊ देऊ नये आणि तीत हात घालण्यापूर्वी काठीने हलवून पाहावे.

आमची चूक

आता वर अर्धवट सोडलेली गोष्ट. ती सांगताना आम्हांस संकोच वाटतो, पण ती सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही.

रायगड जिल्ह्यातील आमच्या आवारात, घरामागच्या करंजाखाली आम्ही ही वेल लावली. दुसऱ्या पावसाळ्यात जमीन पूर्ण झाकली. पूर्वी गढूळ होऊन वाहणारे पाणी त्या जागेवरून निवळ येऊ लागले. संध्याकाळच्या वेळी तो रुपेरी पट्टा पाहून येणारा-जाणारा थांबे व फाटे मागे. आम्हीही मोठ्या कौतुकाने देत असू. त्या भाद्रपदात छाटणी केली आणि टोपलीभर फाटे निघाले. ते कोठे टाकावे, हे गड्याने विचारले तेव्हा आम्हीच बोट दाखविले: ओहोळाच्या दरडीवर टाक, कुजून खत होईल.

ते कुजले नाहीत. त्या दरडीवर झाडांच्या सावलीत दरवर्षी पहिल्या पावसाबरोबर शेवळे येत. जवळच्या वस्तीवरील कातकरी स्त्रिया ती खुडून न्यावयास येत व आमच्या घरीही एक जुडी देत. तिसऱ्या वर्षी त्या आल्या आणि रिकाम्या हाताने परतल्या. दरडीचा पंधरा-वीस हातांचा भाग रुपेरी पानांनी झाकून गेला होता. शेवळांचे कोंब पानांखाली शोधावे लागत होते व पुष्कळ ठिकाणी तर ते दिसतच नव्हते. त्यांतील एका वृद्ध बाईने आम्हांस इतकेच विचारले की, दादा, हे तुम्ही लावले काय? आम्हांस उत्तर देता आले नाही. ज्या जागेतून त्यांच्या घरी पावसाळ्याची पहिली भाजी जात होती, ती जागा आमच्या शोभेच्या हौसेने अडविली होती.

ती दरड साफ करण्यास आम्हांस दोन उन्हाळे लागले. एकदा उपटून भागले नाही. प्रत्येक पावसानंतर राहिलेल्या तुकड्यांतून नवे फुटवे आले. उपटलेला सर्व माल टोपल्यांनी वाहून कातळावर पसरला व वैशाखाच्या उन्हात कुरकुरीत होईतो वाळविला, तेव्हा तो मेला. ओहोळाच्या प्रवाहाबरोबर किती तुकडे खाली गेले असतील, हे आठवले की आजही मन खाते.

परदेशांतील अनुभव

आमचा अनुभव एकट्याचा नाही. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने या वेलीची गणना आक्रमक परकी वनस्पतींत केली आहे. हिचीच हिरव्या पानांची दक्षिण अमेरिकन बहीण न्यूझीलंडच्या जंगलांत शिरली आणि जमिनीवर तिचा इतका जाड थर झाला की त्याखाली रानझाडांची रोपे उगवेनाशी झाली. तेथे तिला बी धरत नाही. केवळ देठाच्या तुकड्यांवर, पाण्याबरोबर व बागेच्या टाकाऊ मालाबरोबर ती पसरली. अखेर २०११ मध्ये तिला खाणारे भुंगेरे दक्षिण अमेरिकेतून आणून सोडण्यास तेथे आरंभ करावा लागला.

थंड देशांतही तोच प्रकार आहे. वर ज्या लॅमियमचा उल्लेख आला त्यातील पिवळ्या फुलांची व रुपेरी पानांची एक जात इंग्लंडमध्ये बागांतून फेकलेल्या कचऱ्याबरोबर रानात गेली. २०१० मध्ये इंग्लंड व वेल्समध्ये ती रानात लावणे किंवा पसरविणे हा कायद्याने गुन्हा ठरविण्यात आला. इतके दूर कशाला जावे? आपल्या माळांवर व डोंगरांवर माजलेली घाणेरी १९ व्या शतकात बागेची शोभा म्हणूनच या देशात आणिली गेली. ज्याने ती प्रथम कुंडीत लावली त्याचा हेतू वाईट खासच नव्हता.

आमचे मत

मग ही वेल लावावी की न लावावी? आमचे मत असे की, बंदिस्त जागेत लावावी, मोकळ्या जागेत लावू नये. भिंत व फरसबंदी यांमधील पट्टी, चोहोंकडून दगडाची कड घातलेला झाडाखालचा वाफा किंवा कुंडी, एवढीच तिची हद्द. दगडी कडेबाहेर आलेला प्रत्येक शेंडा दर पंधरवड्यास खुडावा. छाटलेला माल ओला असता उकिरड्यावर, खताच्या खड्ड्यात, बांधावर किंवा पाण्यात कदापि टाकू नये. तो कातळावर अथवा पत्र्यावर पूर्ण वाळवावा व मगच खतात घालावा. पावसाळ्यात वाळविणे शक्य नसते, म्हणून मोठी छाटणी माघ-फाल्गुनात करावी व पावसात निघालेले थोडे शेंडे काळ्या पिशवीत घट्ट बांधून कुजवावे. कोणी फाटे मागितले तर त्यांबरोबर ही सूचनाही द्यावी.

इतकी निगा ज्यांच्याने होणार नाही त्यांनी झाडाखाली पाला राहू द्यावा. जमीन त्यानेही राखली जाते. ज्यांच्याने होईल त्यांस मात्र ही वेल त्या दुर्लक्षित कोपऱ्यात बारमाही हिरवळ व उजेड देईल आणि माती जागेवर धरून ठेवील, हे आम्ही स्वानुभवाने सांगू शकतो. आमच्या करंजाखाली ती अजून आहे. भोवती हातभर उंचीची दगडी कड आहे. दरडीवर मागील दोन पावसाळ्यांत पुन्हा शेवळे दिसू लागली, ती खुडावयास त्या स्त्रियाही आल्या.

ज्या सभासदांनी सावलीच्या जागी याहून निर्धोक अशी एखादी देशी वनस्पती लावून पाहिली असेल त्यांनी आपला अनुभव, जमीन व पाऊसमान यांच्या माहितीसह, आम्हांस अवश्य कळवावा.